डोंगरपट्ट्यातील गावांचे रस्ते, आग आणि जमीन : तीन खात्यांचे नियम एका वेळापत्रकात आणता येतील का?

शिवारवाट

भोरहून नीरा-देवघर धरणाच्या कडेने वरंध घाटाकडे जाताना लागणारी गावे आणि घाट उतरल्यावर महाड तालुक्यात सुरू होणारी गावे यांच्यात जिल्हा बदलतो, पण शेतीचे वर्ष फारसे बदलत नाही. माघ सरता सरता डोंगरावरचे गवत वाळते आणि वणव्याची धास्ती सुरू होते. फाल्गुन-चैत्रात राबाची भाजणी होते, म्हणजे भाताची रोपे करायची जागा पालापाचोळा जाळून भाजली जाते. वैशाखात जेसीबी लावून खाचरांचे (भातशेतांचे) बांध आणि ताली (उतारावरचे दगडी बांध) नीट केल्या जातात, आणि अलीकडे त्याच दिवसांत प्लॉटिंगचे रस्तेही उकरले जातात. मृग लागला की ती सुटी माती घेऊन पाणी खाली येते, मोऱ्या तुंबतात, पाणंदीचा चिखल होतो आणि लावणीच्या ऐन घाईत ट्रॅक्टर खाचरापर्यंत पोहोचत नाही.

या सगळ्यांसाठी नियम नाहीत असे मुळीच नाही. आगीचे नियम वनविभागाकडे आहेत, शेतरस्त्याचे आणि जमिनीच्या वापराचे तहसीलदारांकडे आहेत, घाटरस्ता बंद-चालू करण्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे आणि गावातले रस्ते काही ग्रामपंचायतीकडे तर काही जिल्हा परिषदेकडे आहेत. अडचण अशी की प्रत्येक खाते आपापल्या वेळेला बोलते, आणि गावकऱ्याला नियम कळतो तो बहुधा पंचनामा व्हायला लागतो तेव्हा. ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि त्यांपैकी एक 26 जानेवारीला होते. वणव्याचा हंगाम त्यानंतर लगेच सुरू होतो. त्या एका सभेत फेब्रुवारी ते सप्टेंबरपर्यंतचे गावाचे वेळापत्रक ठरवून त्याचा ठराव का करू नये, एवढाच माझा प्रश्न आहे. कायद्यातल्या तरतुदी आणि आपल्या गावात प्रत्यक्ष काय होते, या दोन्हींबद्दल जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

जाळरेषा

आगीपासून सुरुवात करतो, कारण वेळापत्रकात तिचा क्रमांक पहिला लागतो आणि तिच्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

महाराष्ट्रात वनविभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम मानतो. त्याआधी जंगलाच्या हद्दीने जाळरेषा काढायच्या असतात, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत कापून, ते माणसे उभी करून जाळून टाकायचे, जेणेकरून पुढे लागलेली आग त्या मोकळ्या पट्ट्याशी अडावी. हे काम वेळेत झाले तर निम्मी चिंता मिटते. मात्र आपल्या भागातला फार मोठा डोंगर मालकीचा आहे, आणि तिथे वनविभाग जाळरेषा काढत नाही. खासगी गवताळ उतारावर लागलेली आग दुपारच्या वाऱ्याने वर चढते आणि राखीव वनात शिरते. ग्रामसभेच्या ठरावाची खरी गरज या मधल्या पट्ट्यासाठी आहे.

"माझ्या मालकीत मी काय जाळायचे ते जाळीन" हे वाक्य गावोगाव ऐकू येते, पण कायदा तसे म्हणत नाही. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 प्रमाणे राखीव वनाला आग लावणे हा गुन्हा आहेच. त्याशिवाय वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने, नियम मोडून, आग पेटवणे किंवा पेटती सोडून देणे हाही गुन्हा आहे. म्हणजे काडी कुठल्या गटात ओढली एवढ्यावर बचाव होत नाही. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, आणि ती गावाला माहीत असायलाच हवी. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने वन जाळले गेले, तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार स्थगित करू शकते. काडी एकाने ओढायची आणि चराई सगळ्या वाडीची बंद व्हायची, असा तिचा अर्थ होतो. कलम 79 प्रमाणे राखीव वा संरक्षित वनात हक्क उपभोगणाऱ्यांनी आगीची माहिती देणे आणि ती विझवायला मदत करणे बंधनकारक आहे.

जाळल्याने गवत चांगले येते, हा समज कसा टिकून आहे तेही पाहिले पाहिजे. जळलेल्या काळ्या उतारावर पहिल्या पावसाचा हिरवा कोंभ उठून दिसतो, पण तो न जाळताही आलाच असता, फक्त जुन्या काडीआड झाकला गेला असता. दरवर्षी जाळलेल्या उतारावर आग सोसणारी कुसळी टिकून राहते आणि गुरांना रुचणारे पवना-मारवेलसारखे गवत मागे पडत जाते. कुसळीला कुसे आली की जनावर तिला तोंड लावत नाही. शिवाय गवताचे आच्छादन गेलेल्या उतारावर पहिला वळीव पडतो तेव्हा माती धरून ठेवायला काही उरत नाही, आणि शिवारवाट यांनी म्हटलेल्या तुंबलेल्या मोऱ्यांतला बराचसा गाळ तिथूनच आलेला असतो.

खाचरकाठ

वरचा प्रतिसाद मला बहुतांशी मान्य आहे, परंतु एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. वणवा वेगळा आणि राब वेगळा. आगीच्या हंगामाच्या नावाखाली राबाची भाजणी बंद करण्याचा ठराव झाला, तर आमच्यासारख्या लहान भातउत्पादकांचा तरवा (भाताची रोपे) अडचणीत येईल, आणि तो ठराव पाळलाही जाणार नाही.

ज्यांनी भाजणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तरव्याच्या जागेवर आधी वाळलेल्या शेणाचा थर देतात, त्यावर ऐनाच्या झाडाच्या टहाळांची कवळे (जुड्या) अंथरतात, त्यावर पातेरा (गळालेला पाला), मग गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. माती घालण्याला कारण आहे. तिच्यामुळे ठिणगी उडत नाही आणि आग भडकण्याऐवजी धुमसत जाते, म्हणून जमीन खोलवर भाजते आणि तणाचे बी मरते. जाणते लोक पहाटे किंवा वारा पडल्यावर, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पेटवतात, कडेने जागा झाडून घेतात आणि शेजारी पाण्याचे हंडे व हिरव्या डहाळ्या ठेवतात. अलीकडे घरात माणूस उरला नाही म्हणून दुपारी येऊन, मातीचा थर न देता, नुसता पालापाचोळा पेटवून निघून जाण्याची सवय वाढली आहे. राबातून वणवा लागतो तो अशा भाजणीतून. ठरावात बंदी नको, वेळ आणि पद्धत यांची अट घाला. भाजणीचा दिवस आदल्या दिवशी पोलीस पाटलांना सांगायचा, सूर्य वर येण्याआधी आग विझलेली हवी, आणि धूर निघतो आहे तोवर किमान दोन माणसे जागेवर हवीत, एवढे पुरे आहे.

जाळरेषा

खाचरकाठ यांनी केलेला भेद योग्य आहे आणि अट घालण्याची सूचना मला बंदीपेक्षा अधिक उपयोगाची वाटते. त्यात फक्त एक भर घालावीशी वाटते. ज्यांना माणूसबळाअभावी नीट भाजणी करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी पर्याय उपलब्ध आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख मिसळण्याची शिफारस आहे. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. रोप कणखर होते आणि डोंगरावरची टहाळे तोडावी लागत नाहीत. तूस गावाजवळच्या भातगिरणीतून मिळते. ग्रामसभेने कृषी सहायकांना बोलावून मे महिन्याच्या आधी एखाद्या शेतावर हे करून दाखवायला सांगितले, तर राबाचा प्रश्न पुढच्या काही वर्षांत आपोआप हलका होईल.

आणखी एक सोय सांगतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे ठिपके टिपून नोंदणी केलेल्या मोबाइलवर संदेश पाठवते. सरपंच, पोलीस पाटील आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांनी तरी ही नोंदणी करावी.

नवे सदस्य

भाताचा पेंढा जाळला तर दोन एकरांपर्यंत 2500 रुपये दंड होतो, असा संदेश आमच्या गावच्या मोबाइलवरच्या गटात फिरतो आहे. तो आपल्याला लागू आहे का?

जाळरेषा

ते आकडे राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशातले आहेत, आणि तो आदेश दिल्ली व भोवतालच्या पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान या राज्यांपुरता होता. आपल्याकडे भाताचा पेंढा वैरणीला जातो, तो कोणी जाळत नाही. आपला प्रश्न डोंगरावरच्या गवताचा आहे. त्यात पंजाबचे आकडे आणून लोकांना घाबरवल्याने खऱ्या नियमांवरचा विश्वास उडतो, म्हणून असे संदेश पुढे पाठवू नयेत.

गटनंबर

महसूल खात्याच्या कामाशी माझा दीर्घकाळ संबंध आला आहे, म्हणून रस्त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

शेतरस्त्याच्या तक्रारींत लोक दोन वेगळ्या तरतुदींची गल्लत करतात आणि त्यामुळे अर्ज फेटाळले जातात. आपल्या शेताला रस्ताच नसेल आणि तो नव्याने हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. तिथे दुसऱ्याच्या गटाच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट मिळते. तहसीलदार चौकशी करताना शेतकऱ्याची वाजवी गरज पाहतात. मान्य नसेल तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. याउलट वहिवाटीचा रस्ता आधीपासून होता आणि कोणी तो अडवला असेल, तर मार्ग वेगळा आहे. तिथे मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चे कलम 5 लागू होते, आणि त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो.

या सहा महिन्यांचा आपल्या हंगामाशी थेट संबंध आहे. रस्ता अडवला जातो तो साधारण जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, जेव्हा शेजारी पाणंद नांगरून आपल्या खाचरात घेतो. ज्याची वाट गेली तो विचार करतो की आता आवणीची (भातलावणीची) घाई आहे, भांडण नको, दिवाळीनंतर भात कापून झाले की बघू. सुगी होईपर्यंत नोव्हेंबर संपतो. मग तलाठ्यांकडे खेटे, नकाशाची नक्कल, गावकीतली बैठक यांत डिसेंबर जातो, आणि अर्ज पडतो तेव्हा मुदत टळून गेलेली असते. मी पाहिलेल्या प्रकरणांत चांगला हक्क असलेले लोक या एका कारणाने हरले आहेत. म्हणून माझा आग्रह असा की ठरावाच्या वेळापत्रकात 15 ऑगस्टच्या सभेसमोर ठळकपणे नोंद असावी : या पावसाळ्यात ज्यांची वाट अडली आहे त्यांनी आताच अर्ज द्यावा, समेटाची बोलणी त्यानंतरही चालू ठेवता येतात.

दुसरे, जे रस्ते आज वादात नाहीत त्यांची नोंद करून घ्या. मे 2025 च्या शासन निर्णयात शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असे सांगितले आहे. मैत्रीत दिलेली वाट दोन पिढ्या चालते आणि जमीन बाहेरच्या माणसाला विकली की तारेचे कुंपण पडते. इतर हक्कांत नोंद असेल तर खरेदीदाराला ती आधीच दिसते.

नवे सदस्य

गावनकाशावर आमच्या पाणंदीच्या जागी दोन तुटक रेषा आहेत, प्रत्यक्षात मात्र बैलगाडीही जात नाही. त्याचा अर्थ काय धरायचा?

गटनंबर

दोन तुटक रेषा म्हणजे ग्रामीण गाडीमार्ग, आणि त्याची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. एकच तुटक रेषा असेल तर तो पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. नकाशावरचा गाडीमार्ग अरुंद झाला असेल तर दोन्ही बाजूंनी बांध सरकले आहेत. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन तहसीलदारांकडे अतिक्रमण काढण्याची मागणी करा आणि मोजणी करून घ्या. खडीकरण-मुरमीकरणासाठी 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना रोजगार हमीशी जोडून सुरू झाली, परंतु हद्द मोकळी झाल्याशिवाय काम सुरू होत नाही. मोजणी आणि मोकळी करण्याचे काम सुगीनंतर, मातीकाम मेअखेर, हा क्रम चुकला की निधी परत जातो.

घाटपायथा

मी घाटाखालच्या बाजूचा आहे. पावसाळ्यात वरंध घाट अवजड वाहनांसाठी, आणि कधी कधी सर्वच वाहनांसाठी, बंद ठेवण्याचे आदेश निघतात. दरडींचा धोका पाहता ते निघालेच पाहिजेत. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि रस्ते पाण्याखाली व दरडीखाली असल्याने मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला, हे या भागात कोणी विसरलेले नाही.

माझे म्हणणे घाटाच्या खालच्या लहान रस्त्यांविषयी आहे. घाट बंद झाला की खडी आणि मातीचे डंपर आडवाटेने ग्रामीण रस्त्यांवर वळतात. ते रस्ते तेवढ्या वजनासाठी बांधलेले नसतात, जुलैत कडा खचतात आणि मग शाळेची गाडी आणि रुग्णवाहिका दोन्ही अडतात. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 115 खाली रस्त्याचे स्वरूप पाहून ठरावीक वाहनांना बंदी घालता येते, आणि बंदी एक महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात अधिसूचना काढण्याचीही गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. अधिकार ग्रामपंचायतीचा नाही, जिल्हा प्रशासनाचा आहे. पण ग्रामपंचायतीने मे महिन्यातच रस्त्याचे नाव, कमकुवत मोरीचे ठिकाण आणि छायाचित्रे जोडून मागणी पाठवली, तर ती विचारात घेण्याजोगी होते. रस्ता खचल्यावर जुलैत पाठवलेल्या पत्राचा उपयोग फक्त दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाला होतो.

ट्रॅक्टरच्या चिखलणीच्या लोखंडी चाकांबद्दलही ठरावात एक ओळ असावी. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाताना ती चाके न काढता डांबरावरून नेली की रस्ता अक्षरशः खरवडून निघतो. हा आपल्याच लोकांचा प्रश्न आहे आणि त्यासाठी कोणत्याही खात्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

ओढाकाठ

चर्चेत जमिनीच्या वापराचा भाग मागे पडला आहे. माझ्या मते पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ तिथे आहे.

आमच्या वाडीच्या वर मार्च ते मे या काळात उतार कापून शेतघरांच्या प्लॉटसाठी रस्ता काढला गेला. निघालेली माती आणि दगड सरळ ओढ्याच्या काठावर ढकलले गेले. खाली गावाच्या रस्त्यावर दोन नळ्यांची मोरी आहे. पहिल्या मोठ्या पावसात त्यांतली एक नळी मातीने तोंडापर्यंत भरली, दुसरीत मुळासकट उपटलेले करवंदाचे जाळे अडकले, आणि ओढा रस्त्यावरून वाहत शेजारच्या खाचरात उतरला. लावलेला तरवा वाळूखाली गेला. पंचनाम्यात "अतिवृष्टी" लिहिले गेले. पाऊस होताच, पण मातीचा ढीग कोणी घातला याचा उल्लेख कुठेच आला नाही.

शेतजमीन अकृषिक कामासाठी वापरायला जमीन महसूल संहितेच्या कलम 42 प्रमाणे परवानगी लागते, काही अपवाद वगळून. विनापरवाना उत्खननाला कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. कागदावर एवढे संरक्षण असताना ते उपयोगी पडत नाही, कारण काम चालू असते तेव्हा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, कोणी लेखी तक्रार करत नाही. आपलीच जमीन विकलेली असते, आपल्याच माणसाचा जेसीबी असतो. मी कोणाला दोष देत नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतून पोट भरत नाही म्हणून ती विकली जाते. परंतु माती ओढ्यात टाकू नये आणि उकरलेला उतार मृगाआधी दगडी तालीने बांधून घ्यावा, एवढी अट गावाने विकत घेणाऱ्याला आणि काम करणाऱ्याला लेखी कळवलीच पाहिजे. पुढे पंचनामा झाला तर त्या पत्राची पोच जोडता येते.

गटनंबर

ओढाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याला पुस्ती जोडतो. ते पत्र ग्रामपंचायतीच्या आवक-जावक नोंदवहीत चढवून त्याची प्रत तलाठी व तहसीलदारांना द्यावी. नोंदवहीतला जावक क्रमांक नसेल तर पत्राला काही किंमत राहत नाही. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार मात्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली ग्रामपंचायतीला स्वतःलाच आहे, तो वापरायला कोणाची परवानगी नको.

शिवारवाट

सर्वांचे मनापासून आभार. आलेल्या सूचनांवरून ठरावाचा मसुदा असा करतो आहे. 15 फेब्रुवारीपूर्वी मालकीच्या डोंगराच्या आणि वनहद्दीच्या मधल्या पट्ट्यात वाडीनिहाय श्रमदानाने जाळरेषा काढायची, आणि त्या दिवशी वनरक्षकांना हजर राहण्याची विनंती करायची. राबाची भाजणी आदल्या दिवशी कळवून, पहाटे, मातीचा थर देऊन आणि दोन माणसांच्या देखरेखीखालीच करायची. मार्च ते मे या काळात उतारावर जेसीबी लावणाऱ्याने ग्रामपंचायतीला आधी कळवायचे आणि माती ओढ्यात जाणार नाही असे लिहून द्यायचे. 1 मेच्या सभेनंतर मोऱ्यांची पाहणी करून जड वाहनांच्या बंदीची मागणी छायाचित्रांसह पाठवायची. मृगाआधी गटारे आणि मोऱ्या मोकळ्या करायच्या. लोखंडी चाके डांबरावर आणायची नाहीत. 15 ऑगस्टच्या सभेत अडलेल्या वाटांची यादी वाचून दाखवायची आणि अर्ज त्याच आठवड्यात तहसीलला पोहोचवायचे.

यात एक त्रुटी अजून उरते, आणि ती मला गंभीर वाटते. डोंगराच्या बऱ्याच गटांचे मालक आता पुण्या-मुंबईत राहतात. जाळरेषेसाठी त्यांच्या गटात शिरायला त्यांची संमती हवी आणि जेसीबीची अटही त्यांनाच कळवायची आहे. त्यांचे पत्ते सातबाऱ्यावरून मिळत नाहीत. म्हणून डिसेंबर महिन्यातच घरपट्टीच्या नोंदी आणि गावातले नातेवाईक यांच्याकडून पत्ते जमा करून, ठरावाच्या मसुद्यासह प्रत्येकाला पत्र पाठवावे लागेल. गटनंबर, या पत्रात संमतीचा मजकूर कसा असावा, जेणेकरून नंतर कोणी अतिक्रमणाची तक्रार करणार नाही, ते कृपया लिहावे. तो मजकूर मिळाला की आमच्या ग्रामसेवकांकडे पूर्ण मसुदा देतो.

गटनंबर

मजकूर साधा ठेवा. गट क्रमांक, जाळरेषेची जागा नकाशावर दाखवून तिची अंदाजे लांबी, काम ज्या आठवड्यात होणार तो आठवडा, "केवळ गवत कापून जाळण्यापुरता प्रवेश; वहिवाटीचा किंवा मालकीचा कोणताही हक्क यातून निर्माण होत नाही" हे वाक्य, आणि खाली मालकाची सही. सामाईक खातेदार असतील तर सर्वांच्या सह्या घ्या. दरवर्षी नवी संमती घ्यावी, जुनी पुढे ओढू नये.